पाच वर्षांनी पुन्हा १० मीटर एअर रायफल

रायफल आणि शरीर दोन्ही पडून राहिलेले असले की चूक नेमकी कुणाची ते कळत नाही. म्हणून आधी रायफल तपासली.

रायफलचा दाबलेल्या हवेचा सिलिंडर २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं एकक) भरला. भरताना तो तापतो, म्हणून गार झाल्यावरचा आकडा लिहून रात्रभर ठेवला. सकाळी काटा बराच उतरलेला. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, वाळली होती, ती बदलली. सिलिंडरवरची मुदतही पाहून घेतली. स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे, बोल्ट आवळले, बॅरल साफ करायला त्यातून फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या मारल्या. सफाईनंतरचे पहिले दहाएक पेलेट (छर्रे) भरकटतात, ते मोजायचे नाहीत. मग रायफल शिकंज्यात धरून ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी हेडचे (डोक्याच्या व्यासाचे) दहा-दहा पेलेट मारले. ज्याचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, सर्वांत घट्ट, तोच डबा पुढे वापरला. जॅकेटला पावसाळ्यातली बुरशी होती, ती ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवली. उन्हात टाकलं तर ते आक्रसून कडक होतं.

खरं काम पुढे होतं. उभं राहून मारलेला ग्रुप उजवीकडे पडत होता आणि हात साहजिकच साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) क्लिककडे, म्हणजे ती थोडी-थोडी सरकवणाऱ्या खटक्यांकडे, गेला. ही हमखास चूक. शिकंज्यात सरळ मारणारी रायफल हातात उजवीकडे जाते, तेव्हा दोष बहुतेक वेळा पायांचा असतो. पोझिशन घ्यायची, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे आणि मग डोळे उघडून रोख कुठे आहे ते पाहायचं. उजव्या हाताच्या नेमबाजाचा रोख उजवीकडे असेल तर पुढचा पाय तसाच ठेवून मागचा पाय बोटांच्या दिशेने बोटभर सरकवायचा. डावीकडे असेल तर टाचेच्या दिशेने. रोख वरखाली असेल तर बटप्लेटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची, उंची बदलायची. खांद्याने ओढून रोख मध्ये आणला तर ट्रिगर सुटताक्षणी स्नायू ढिले पडतात आणि रायफल आपल्या जागी परत जाते.

दशांश गुणांत ०.१ म्हणजे टार्गेटवर ०.२५ मिमी. म्हणजे १०.० आणि १०.५ यांत फक्त सव्वा मिलिमीटर! एवढं अंतर तर नुसत्या ताणानेच जातं.

पहिले तीन आठवडे बहुतेक ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, तेही कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर. काळा गोल समोर नसला की ट्रिगरला धसका बसतोय का ते लगेच दिसतं, फोरसाइटची (नळीच्या टोकावरच्या साइटची) रिंग उडी मारते. रोख स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. दहा सेकंद झाले की रायफल खाली घ्यायची, कारण तोवर डोळ्यासमोरचं चित्र फिकट होतं आणि आपल्याला मात्र ते स्थिर वाटत राहतं. ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, रायफल खाली घ्यायला वेळ पुरतो.

साइटला हात लावला तो चौथ्या आठवड्यात. दोनच क्लिक लागले.