सुपे, साबीआ आणि फसलेली कार्डं

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की स्पॅनिशमधल्या ‘साबेर’ (माहीत असणं) या क्रियापदाच्या भूतकाळाचं कोडं सुटलं. तीन आठवडे टिकलं. काल भांडी घासताना एका मेक्सिकन पॉडकास्टमध्ये बाई म्हणाल्या, ‘सिएम्प्रे सुपे के इबास आ गानार’, आणि माझ्या हातातली घासणी तशीच राहिली.

माझं सूत्र असं होतं: साबेरच्या दोन भूतकाळांना, सुपे आणि साबीआ, मराठीत आपोआप दोन वेगळे शब्द मिळतात. इंग्रजीतून शिकणारे ‘अर्थ बदलणाऱ्या क्रियापदां’ची यादी घोकतात, आपल्याला ती लागतच नाही. ‘आनोचे लो सुपे’, काल रात्री कळलं. ‘या लो साबीआ’, आधीच माहीत होतं. कोनोसी, ओळख झाली. कोनोसीआ, ओळखत होतो. पुदे, जमलं. पुढे मराठी, मागे स्पॅनिश अशी चाळीस कार्डं अँकी या पाठांतराच्या ॲपमध्ये घातली आणि धडाधड बरोबर यायला लागली. (कम्प्युटरवर अँकी फुकट आहे. आयफोनवर पैसे मोजावे लागतात, मी मोजले, पश्चात्ताप नाही.)

पण या सूत्राने पॉडकास्टमधलं वाक्य झालं ‘तू जिंकणार हे मला नेहमी कळलं’. असं कोण बोलतं! बाईंना म्हणायचं होतं, पहिल्यापासून माहीत होतं. मग साबीआ का नाही?

रात्री दीडपर्यंत वाक्यं गोळा केली. सापडलं ते असं: ‘सिएम्प्रे सुपे’मध्ये पहिल्यापासून निकाल लागेपर्यंतचा सगळा काळ एक गाठोडं बांधून समोर ठेवलाय. गाठ मारली की इंदेफिनिदो, म्हणजे सुपेवाला भूतकाळ. उलट ‘सिएम्प्रे साबीआ के देसिर’ म्हणजे काय बोलावं ते त्याला दर वेळी माहीत असायचं. असायचं! हा शब्द माझ्या एकाही कार्डावर नव्हता. म्हणजे सुपे = कळलं हे समीकरणच लंगडं; कळणं हा गाठोड्याचा फक्त एक प्रकार.

आज चाळीसही कार्डं दुरुस्त करणार होतो. हे लिहिता लिहिता बेत बदलला: सगळी उडवतो, सुटे शब्द बंद, पूर्ण वाक्यंच घालतो आणि प्रत्येकात ‘आनोचे’ (काल रात्री), ‘या’ (आधीच), ‘सिएम्प्रे’ (नेहमी) यांपैकी काहीतरी हवंच. ‘नो किसे’ तूर्त बाजूला. ‘नो किसे इर’ला जायला नाहीच म्हटलं आणि ‘नो किसे ओफेंदेर्ते’ला तुला दुखवायचं नव्हतं, हे एका कार्डावर मावणार नाही.

ता.क. नव्या गठ्ठ्यातलं पहिलंच वाक्य: ‘ला सोपा साबीआ आ आखो’. साबेर म्हणजे चव असणंही, तेव्हा अर्थ: सूपला लसणाची चव होती. मी ऐटीत उत्तर दिलं, सूपला लसूण माहीत होता.