आमची वाटचाल : पेटी बंदच का ठेवली

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती इंची, किती वॉट?" आम्ही आधी खोलीचं माप विचारतो. परळच्या गाळ्यात काम सुरू केलं तेव्हापासून एकच ध्यास आहे: गाणं आणि सिनेमा दोन्ही निभावेल असा एकच सबवूफर, तोही मुंबईच्या हॉलमध्ये मावणारा.

आमचं नेहमीचं गणित उघड आहे. बारा इंची ड्रायव्हर (पेटीत बसणारा मूळ स्पीकर), एफएस (पेटीबाहेर तो ज्या वारंवारतेला स्वतः घुमतो) 25 हर्ट्झ, क्यूटीएस (त्या घुमण्याला किती लगाम आहे त्याचा आकडा; कमी म्हणजे लगाम जास्त) 0.40, व्हीएएस (ड्रायव्हरइतकीच लवचिक असलेली हवा) 100 लिटर. बंद, म्हणजे कुठेही भोक नसलेल्या पेटीत क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा तोच लगामाचा आकडा) 0.707 हवा तर निव्वळ 47 लिटर लागतात, एफसी (पेटीसकट घुमण्याची वारंवारता) 44 हर्ट्झला येतो. ड्रायव्हर आणि आतल्या आडव्या पट्ट्या मिळून 5 लिटर खातात, म्हणून आतून 373 मिमीचा घन. घन नको, आत लहरी उभ्या राहतात, असं सांगणारे भेटतात. त्या लहरी 460 हर्ट्झला उभ्या राहतात आणि सबवूफरकडे जाणारा आवाज आपण 80 हर्ट्झच्या वर कापतो. छापील आकड्यांवर विसंबून मात्र प्लाय कापू नये. ड्रायव्हर आधी काही तास हलवून मोकळा करावा, मग एफएस आणि क्यूटीएस स्वतः मोजावेत.

आमचे सुतारमिस्त्री पहिल्या पेटीपासून सोबत आहेत. लाकूड कोरायच्या राउटर यंत्राला वर्तुळाची पट्टी लावून ड्रायव्हरचं भोक पाडताना ते 6-6 मिमीचे तीन फेरे घेतात. एका दमात 18 मिमी खोल गेलं की बिट जळतं आणि कड फुटते. पुढची फळी दुहेरी, बाकीच्या एकेरी, सगळा आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड) पावसाळ्यात कडेने फुगतो, स्क्रू सैल होतात आणि पेटी हवा सोडायला लागते. गळती ओळखायची तर ड्रायव्हरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकू) बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर सांधे घट्ट आहेत, झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

मग बाजारातल्या एकाने आमची पेटी नमुना म्हणून नेली. त्याने ती पार्टिकल बोर्डात केली, पोर्ट (हवा आतबाहेर करणारा पाइप) लावून 45 हर्ट्झला ट्यून केली, म्हणजे त्या सुराला घुमेल अशी केली, आणि जवळपास निम्म्या किमतीत विकली. दुकानात दणका बसला की गिऱ्हाईक खूश! आमच्या ऑर्डरी आटल्या, गाळ्याचं भाडं थकलं, राउटर विकायची वेळ आली. जी गिऱ्हाइकं गेली त्यांच्यावर राग नाही. नमुना नेणाऱ्यावर आजही आहे, कारण त्याने मापं उचलली आणि त्यामागचा विचार टाकून दिला. बारा फुटी खोलीचा स्वतःचा घुमारा सुमारे 47 हर्ट्झला असतो. त्यावरच पोर्ट बसवला की एकच सूर सगळ्यावर स्वार होतो.

त्या दिवसांत गिरगावच्या एका तबलावादकांनी आम्हाला धरून ठेवलं. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून त्यांनी डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहात दाबत घासून काढलेला बोल, वाजवला. पोर्टच्या पेटीतून नुसता 'घुम्म' आला. बंद पेटीतून हाताचा दाब वाढताना सूर चढलेला ऐकू आला. त्यांनी त्याच दिवशी बंद पेटी सांगितली, आणि पुढे शिष्यांनाही पाठवलं.

सिनेमावाले तरीही पोर्टच मागतात. 85 लिटरची पेटी 22 हर्ट्झला ट्यून करायची तर 100 मिमी आतल्या व्यासाचा एक पाइप 50 सेंमी लांब लागतो. मोठ्या आवाजात त्यातून हवा फुसफुसते. दोन पाइप लावले तर प्रत्येकी 107 सेंमी. बसवणार कुठे? वर एवढा लांब पाइप स्वतःच 160 हर्ट्झच्या आसपास वाजतो. शिवाय ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टरही आलाच.

म्हणून आम्ही पेटी बंदच ठेवतो आणि डीएसपीमध्ये (आवाज घडवणारी डिजिटल चिप) दोन सेटिंग देतो. गाण्याला पेटी आहे तशी. सिनेमाला लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म, म्हणजे बंद पेटीचे खालचे सूर मोजून उचलणारं गणित, लावून 25 हर्ट्झपर्यंत उतरवतो. त्यासाठी तळाला जवळपास 10 डेसिबल उचलावे लागतात, म्हणजे तिथे दहापट वॉट. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी कोनची हालचाल चौपट होते. म्हणून त्याच सेटिंगमध्ये 18 हर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर असतो. तो काढू नका, पार्टीच्या रात्री तर मुळीच नाही.

आणखी एक, न विचारता सांगतो: सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका. तो तात्पुरता बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा वाटेल तिथे पेटी कायमची ठेवा. खाली रबराचे पाय लावा, कारण स्लॅबमधून जाणारा आवाज खालच्या घरात आधी पोचतो.

ऑर्डर देताना खोलीची लांबी, रुंदी, उंची, दार कुठे आहे आणि मुख्य स्पीकर कुठले, एवढं कळवा. वॉट आम्ही सांगू.