बाईंचा निरोप समारंभ

आज आमच्या अंगणवाडीच्या बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, साडी, सरपंचांचं भाषण, सगळं रीतसर. पण जो तो उठून "बाईंनी पोरांना गाणी शिकवली, खाऊ दिला" एवढंच बोलत होता, मला काही राहवेना, म्हणून आता रात्री लिहायला बसलीये.

बाईंचं खरं काम बघायचं तर हंगामात बघावं. आमचा सांगलीकडचा पलूसचा भाग म्हणजे उसाचा, दिवाळी झाली की बीडकडनं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात आणि नवराबायको पहाटे अंधारातच उसाच्या फडात जातात. तान्हं पोर पण सोबत जातं, साडीच्या झोळीत नायतर ट्रॉलीच्या सावलीला, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षाची बहीण. बाई मदतनीस मावशींना घेऊन कोप्यांवर जायच्या आणि मिळतील तेवढी पोरं घेऊन यायच्या. एक पोरगी मला अजून आठवते, भावाला कडेवर घेऊन दारातच उभी राहायची, आत यायला लाजायची, बोटांवर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या बारीक रेघा. बाई एवढंच म्हणायच्या, "दे गं त्याला हिकडं, तू बस." मग ते बाळ मावशींच्या मांडीवर आणि ही चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावत बसलेली. भाऊ खाली ठेवला तरी तिची कंबर एका बाजूला कललेलीच असायची, इतकी सवय झालेली. बाळाच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावल्यावर लाल रंग दिसला की त्या दिवशी बाईंना घास गोड लागायचा नाही.

बाई कायम ताराबाई मोडकांचं नाव घ्यायच्या. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढणाऱ्या ताराबाई, पुढं १९४५ ला डहाणूजवळ बोर्डीला बालवाडी सुरू केली, तिथं अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि मग दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरांसाठी राबल्या. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि मोठ्या मुली भावंडांपायी शाळेत येऊ शकत नाहीत हे बघून पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा सगळं एकाच आवारात आणलं, ती विकासवाडी. मला तर हीच त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. धाकट्याला कुणीतरी घेतल्याशिवाय थोरलीच्या हातात पाटी येत नाही, आईची दोन घटका पाठ टेकत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

ताराबाई १९७३ ला गेल्या आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, गावोगाव अंगणवाड्या झाल्या. झालं ते चांगलंच झालं. पण आमच्याकडं पाळणाघराचं राहूनच गेलं. तीन ते सहाची पोरं काही तास अंगणवाडीत बसतात, तीनच्या खालच्यांना आहाराचं पाकीट घरी, आणि ज्याचं घरच फडात आहे त्यानं काय करायचं? १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर पाळणाघर सांगितलेलं होतं, पण ऊस कारखान्याला जात असला तरी फड काही कारखान्यात धरत नाहीत!

आणि हे सगळं करायचं ते मानधनावर, पगार म्हणायचं नाही. २०२२ च्या एप्रिलमधे सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा बाईंनी पेपरातली बातमी कापून हजेरीच्या रजिस्टरमधे ठेवली होती आणि येईल त्या सेविकेला काढून दाखवायच्या.

आज सत्काराला उत्तर द्यायला उठल्या तर जुन्या आठवणी वगैरे काही नाही, सरळ म्हणाल्या, "मला साडी दिलीत, बरं वाटलं. आता हंगामाच्या आधी कोप्यांजवळ एक खोली द्या, पाळणे बांधायला." सरपंच हो म्हणालेत, पण तोंडी होकारावर माझा भरवसा नाही, लेखी ठराव पाहिजे. समाजमंदिराची मागची खोली रिकामीच आहे, पाण्याचा नळ बाजूलाच आहे, कोप्यापण तिथनं जवळ पडतात. सांभाळायला मावशी तयार आहेत, पण त्यांना फुकट राबवायचं नाही, त्यांच्या पैशाचं ठरावातच लिहून घ्यायचं. उद्या बचत गटाच्या मीटिंगला सह्या घेते आणि ग्रामसभेला अर्ज देते. दिवाळीच्या आधीच व्हायला पाहिजे हे, एकदा टोळ्या उतरल्या की मग कुणाला सवड नसते.