लॉगमध्ये नाव आतल्याचे, हात बाहेरचा

कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस या संगणक सुरक्षेच्या परीक्षेचा एसवाय०-७०१ हा अभ्यासक्रम नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. त्याच्या पाच भागांपैकी दुसऱ्या भागाला, म्हणजे धोके, त्रुटी आणि त्यांवरील उपाय या विषयाला, २२ टक्के गुण आहेत. या भागाच्या सुरुवातीला हल्लेखोरांचे प्रकार येतात आणि त्यांत इनसायडर थ्रेट, म्हणजे संस्थेच्या आतल्या माणसाकडून संभवणारा धोका, शिकवला जातो. बऱ्याच पानांनंतर मालवेअरची, म्हणजे घातक प्रोग्रामांची, यादी येते आणि तिथे ट्रोजन, म्हणजे निरुपद्रवी असल्याचे भासवून आत शिरणारा प्रोग्राम, भेटतो. आधीच्या ६०१ अभ्यासक्रमात रिमोट ॲक्सेस ट्रोजनचा, म्हणजे दुरून संगणकाचा ताबा देणाऱ्या ट्रोजनचा, स्वतंत्र उल्लेख होता. नव्या यादीत तो नुसत्या ट्रोजनमध्ये सामावला गेला आहे. परीक्षार्थी इनसायडर थ्रेट आणि ट्रोजन या दोन गोष्टी दोन वेगळ्या फ्लॅशकार्डांवर लिहितात आणि दोन्ही व्याख्या चोख पाठ करतात. माझे म्हणणे असे आहे की या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय त्यांपैकी एकही नीट समजत नाही, कारण बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाचे अधिकार, त्याचे नाव आणि त्याची खुर्ची मिळवून देणे हेच रिमोट ॲक्सेस ट्रोजनचे मुख्य काम आहे.

मी पुण्यात एका संस्थेच्या सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे संगणक सुरक्षेवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्रात, काम करते आणि रविवारी सकाळी परीक्षेची तयारी करणाऱ्या काही तरुण सहकाऱ्यांबरोबर अभ्यासाला बसते. मागे मी त्यांना एक प्रश्न तयार करून दिला होता. लेखा विभागातल्या एका अधिकाऱ्याच्या खात्यातून रात्री दोन वाजता ग्राहकांच्या माहितीच्या फायली मोठ्या प्रमाणावर बाहेर गेल्या. खाते वैध आहे, पासवर्ड बरोबर आहे, आयपी पत्ता त्याच्याच टेबलावरच्या संगणकाचा आहे. तर हा धोका कोणत्या प्रकारचा? जवळजवळ सर्वांनी इनसायडर थ्रेट असे उत्तर दिले. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवायचे असतात, तेव्हा असा प्रश्न वाचताच हात त्याच पर्यायाकडे जातो, हे मी समजू शकते. परंतु दिलेल्या माहितीतून तो निष्कर्ष निघत नाही. त्या रात्री खुर्चीत माणूस होता की नाही, हेच अजून आपल्याला ठाऊक नाही.

ट्रोजनचा इतिहास इथे थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १९९८ साली लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या गटाने बॅक ओरिफिस नावाचे साधन प्रसिद्ध केले. नेटबसही त्याच वर्षीचे. ही जुनी साधने बळी पडलेल्या संगणकावर एक पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीचे क्रमांकित दार, उघडून वाट पाहत बसत आणि हल्लेखोर बाहेरून तिथे जोडला जाई. बॅक ओरिफिसचे ३१३३७ आणि नेटबसचे १२३४५ हे पोर्ट क्रमांक अजूनही काही जण पाठ करतात. त्यात वेळ घालवू नये असे मला वाटते. बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारे फायरवॉल आणि नॅट सर्वत्र आल्यावर ही रीत उलटी झाली. आता आतला संगणकच बाहेर हाक मारतो, बहुधा ४४३ या पोर्टवरून, एन्क्रिप्ट केलेल्या साध्या वेब वाहतुकीसारखा, आणि आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीवर बहुतेक संस्था फारसा आक्षेप घेत नाहीत. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीवर झालेल्या हल्ल्यात भरतीच्या योजनेविषयीचा एक ईमेल आला, एका कर्मचाऱ्याने तो जंक फोल्डरमधून काढून त्यासोबतची एक्सेल फाइल उघडली आणि पॉयझन आयव्ही हा ट्रोजन स्थिरावला. त्या कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तरी दार आतूनच उघडले गेले.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून आम्ही ते करून पाहतो. इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या, फक्त एकमेकांशी जोडलेल्या दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, घ्यायच्या आणि सुरुवातीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची प्रत, ठेवायचा. खरा ट्रोजन आम्ही कधीही वापरत नाही. त्याच्या जागी विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञाभाषेतली एक छोटी स्क्रिप्ट असते, जी दर मिनिटाला दुसऱ्या मशीनकडे काही आज्ञा आहे का हे विचारते आणि ठरलेल्या दोन-तीन निरुपद्रवी आज्ञाच चालवते. प्रथम रिमोट डेस्कटॉपने पहिल्या मशीनमध्ये शिरायचे आणि विंडोजच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा. तिथे ४६२४ क्रमांकाची नोंद दिसते आणि तिच्यात लॉगऑन टाइप १० असे स्पष्ट लिहिलेले असते. म्हणजे कोणीतरी दुरून येऊन लॉगइन केले. मग स्नॅपशॉटवर परत जायचे, वापरकर्ता नेहमीसारखा लॉगइन करतो, स्क्रिप्ट त्याच्याच सेशनमध्ये सुरू होते आणि दुसऱ्या मशीनवरून ‘हू-ॲम-आय’ ही, चालू खात्याचे नाव विचारणारी, आज्ञा दिली जाते. उत्तर येते ते त्या वापरकर्त्याचे नाव. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवे लॉगऑन नसते. प्रोसेस, म्हणजे एखादा प्रोग्राम, सुरू झाल्याची ४६८८ ही नोंद असते, कारण तिचे ऑडिटिंग, म्हणजे ती नोंद ठेवण्याची सोय, आम्ही आधीच चालू केलेली असते, परंतु तिच्यावरचा लॉगऑन आयडी सकाळी त्या वापरकर्त्याने स्वतः केलेल्या लॉगऑनचाच असतो.

ही नोंद मी मुलांना दोनदा वाचायला लावते. नाव, सेशन आणि यंत्र हे सगळे त्याच वापरकर्त्याचे, आणि आज्ञा मात्र दुसऱ्याची. ७०१ अभ्यासक्रमात संशयास्पद हालचालींच्या खुणा म्हणून जे शिकवले जाते, त्यातली ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’, म्हणजे इतक्या कमी वेळात पोचणे अशक्य अशा दूरच्या ठिकाणाहून लॉगइन, ही खूण इथे उमटतच नाही, कारण वाहतूक त्याच्याच यंत्रावरून निघते. दुसऱ्या गावाहून झालेले लॉगइन कुठे दिसणार? एकाच वेळी दोन सेशन चालू असल्याची खूणही बहुधा मिळत नाही. उरतात त्या बारीक गोष्टी. ती आज्ञा कोणत्या मूळ प्रोसेसने सुरू केली, माणसाने उघडलेल्या एक्सप्लोररने की दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने? सिस्मॉन हे अधिक तपशीलवार नोंदी ठेवणारे साधन बसवलेले असेल तर त्याच्या ३ क्रमांकाच्या, नेटवर्क जोडणीच्या, नोंदीत तोच प्रोग्राम ठरावीक अंतराने एकाच बाहेरच्या पत्त्याला हाक मारताना दिसतो का? माणूस इतक्या नियमितपणे काम करीत नाही. म्हणूनच इनसायडर थ्रेटचे प्रकरण लॉगमधल्या नावावर संपवता येत नाही.

ते संपवले तर काय होते, याचे स्वीडनमधले एक उदाहरण प्रत्येक परीक्षार्थ्याने वाचावे असे मला वाटते. १९९९ मध्ये लुंड विद्यापीठातल्या एका कायद्याच्या अभ्यासकाच्या कार्यालयीन संगणकावर बालकांच्या लैंगिक शोषणाची हजारो छायाचित्रे सापडली. त्याचे पद गेले, नाव वर्तमानपत्रांत आले आणि त्याला देश सोडावा लागला. त्याच्या संगणकाचा ताबा नेटबसद्वारे दुसऱ्याकडे होता, हे न्यायालयाने मान्य करून त्याला निर्दोष ठरवले ते २००४ मध्ये. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि गेलेली पाच वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत. आपल्याकडे भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपवर नेटवायर हा ट्रोजन बावीस महिन्यांहून अधिक काळ होता आणि त्याच्या मदतीने कागदपत्रे ठेवली गेली, असा अहवाल बचाव पक्षासाठी काम करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो अमान्य केला आहे आणि त्याविषयीचा निर्णय न्यायालयाचा आहे. संगणकावर फाइल सापडणे आणि ती त्या माणसाने ठेवलेली असणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात, एवढे या चर्चेतून विद्यार्थ्याला कळले तरी पुरे.

याचा अर्थ आतला माणूस नेहमी निर्दोषच असतो असा मुळीच नाही. २०१८ या एकाच वर्षात महाराष्ट्रात दोन मोठी प्रकरणे उघडकीस आली आणि मी ती नेहमी एकत्र शिकवते. फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा गैरव्यवहार उघड झाला. हा आकडा नंतर आणखी वाढला. आरोप असा की आतल्या अधिकाऱ्यांनी स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशजाळ्यावरून हमीचे संदेश पाठवले आणि बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत, म्हणजे खात्यांच्या मुख्य संगणक प्रणालीत, त्यांची नोंदच केली नाही. त्या वेळी या दोन प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. हे उघडकीस आले ते जुना अधिकारी निवृत्त झाल्यावर नव्या अधिकाऱ्याने पूर्ण रोख तारण मागितले आणि समोरच्या कंपन्यांनी ‘पूर्वी कधी मागितले नव्हते’ असे सांगितले तेव्हा. जॉब रोटेशन आणि सक्तीची रजा हे दोन मुद्दे पुस्तकात अतिशय कोरडे वाटतात, पण ते कशासाठी आहेत हे इथे कळते: खुर्चीवर दुसरा माणूस बसल्याशिवाय काही गोष्टी बाहेरच येत नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४.४२ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टवरून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. हल्लेखोरांनी मालवेअरच्या साहाय्याने बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएमच्या मागण्या बँकेच्या प्रणालीकडे पोचवणाऱ्या यंत्रणेच्या, जागी स्वतःचा बनावट स्विच उभा केला होता आणि पैसे देण्याची मंजुरी तोच देत होता. एटीएमच्या दृष्टीने ती मंजुरी बँकेचीच होती. एका प्रकरणात आतला माणूस कोअर बँकिंगला वळसा घालतो, दुसऱ्यात बाहेरचा माणूस बँकेच्या नावाने बोलत त्याच प्रणालीला वळसा घालतो. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत दिली होती. हल्लेखोर आतला असो वा बाहेरचा, पळवाट एकच असेल तर ती बुजवण्याचा उपायही एकच असतो, आणि ‘सेपरेशन ऑफ ड्यूटीज’ (एक काम एकट्याच्या हाती न ठेवणे) व ‘लीस्ट प्रिव्हिलेज’ (गरजेपुरतेच अधिकार देणे) या दोन तत्त्वांचे मोल याच कारणाने मोठे आहे.

आत आणि बाहेर यांच्यामधली रेघ पुसट करणारी प्रकरणे आता वाढू लागली आहेत. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकावर मालवेअर सापडल्याचे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने आधीच्या नकारानंतर मान्य केले. विश्लेषकांनी त्याची ओळख डीट्रॅक अशी पटवली आणि त्या नमुन्यात केंद्राच्या अंतर्गत प्रशासक खात्याचे नाव थेट लिहिलेले होते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा इथल्या टेस्लाच्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला आतमध्ये मालवेअर बसवण्यासाठी दहा लाख डॉलरचे आमिष दाखवले गेले. त्याने ते कंपनीला सांगितले, एफबीआयच्या मदतीने पुढच्या भेटी घेतल्या आणि आमिष दाखवणारा पकडला गेला. माझ्या मते प्रामाणिक कर्मचारी हा सुरक्षेचा किती मोठा आधार असतो, हे याहून चांगल्या रीतीने कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. संशयाच्या वातावरणात वागवल्या गेलेल्या माणसाने असे पाऊल उचलले असते का, हा प्रश्न व्यवस्थापनाने स्वतःला विचारावा. २०२४ मध्ये नोबिफोर या सुरक्षा प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीने चार व्हिडिओ मुलाखती घेऊन नेमलेला अभियंता चोरलेल्या ओळखीवर आलेला उत्तर कोरियाचा माणूस निघाला. लॅपटॉप हाती येताच त्यावर मालवेअर चढवण्याचा प्रयत्न झाला आणि कंपनीच्या निरीक्षण केंद्राने तो लगेच पकडला. इथे नेमणूकपत्रही खरे होते आणि खातेही खरे. हा आतला म्हणायचा की बाहेरचा?

हल्ल्यांच्या पद्धतींची यादी असलेल्या माइटर अटॅक या चौकटीत टी१२१९ हे दूरस्थ प्रवेशाच्या साधनांचे आणि टी१०७८ हे वैध खात्यांच्या गैरवापराचे कलम आहे. आमच्या गटात कोणतेही प्रकरण वाचताना ही दोन्ही कलमे समोर ठेवतात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांपैकी कोणते लागू होते हे लिहितात. परीक्षेतल्या प्रश्नात मात्र दिलेल्या माहितीच्या पलीकडे जाऊ नये. असंतुष्ट कर्मचारी, नाकारलेली बढती किंवा नुकताच दिलेला राजीनामा असे हेतूचे चिन्ह प्रश्नात असेल तर इनसायडर थ्रेट निवडावा. ठरावीक अंतराने बाहेर जाणारी जोडणी, अनोळखी मूळ प्रोसेस किंवा नुकतीच उघडलेली अटॅचमेंट असेल तर ट्रोजनकडे वळावे.

प्रत्यक्ष कामात क्रम आणखी महत्त्वाचा ठरतो. असे प्रकरण समोर आले की त्या कर्मचाऱ्याला मनुष्यबळ विभागाने बोलावण्याआधी त्याचा संगणक नेटवर्कपासून तोडावा, पण बंद करू नये. काही ट्रोजन केवळ मेमरीत राहतात आणि वीज गेली की पुरावाही जातो. ‘ऑर्डर ऑफ व्होलॅटिलिटी’मध्ये, म्हणजे लवकर नाहीसा होणारा पुरावा आधी गोळा करण्याच्या क्रमात, मेमरी डिस्कच्या आधी येते ती यासाठीच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात, पण त्या लॉगमध्ये प्रोसेस सुरू झाल्याच्या नोंदी मुळात चालू केलेल्याच नसतील तर १८० दिवस जपलेल्या कागदावर फक्त एका कर्मचाऱ्याचे नाव असेल. म्हणून येत्या रविवारी गटातल्या प्रत्येकाने आपापल्या लॅबमध्ये ४६८८ चे ऑडिटिंग आणि त्यासोबत पूर्ण कमांड लाइनची, म्हणजे दिलेल्या आज्ञेची, नोंद चालू करून यायचे आहे.