उसाच्या कडेला बसलेले दोघे

दोषारोपपत्राच्या ११२व्या पानावर एक रंगीत प्रिंट होती. गावच्या यात्रेतला फोटो. एका बाजूने चेहरा दिसणारा, साठीकडे झुकलेला शेतकरी, डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळाची पिशवी. आणि मोबाईलवर बोटाने ओढलेलं लाल वर्तुळ, बरोबर त्याच्या डोक्याभोवती. सुपारी घेणाऱ्या पोरांना माणूस ओळखता यावा म्हणून हा फोटो व्हॉट्सॲपवर गेला होता. पाठवणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ. कारण बांधाचं.

फोटोतला माणूस त्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्या टेबलासमोर बसला होता. अकरा वाजता आरोप निश्चितीवर सुनावणी होती आणि सरकारतर्फे मी कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, सोडून देणार होतो. हे त्यांना कोर्टात नव्हे, आधी माझ्याकडून कळायला हवं होतं.

प्रकरण थोडक्यात असं. सुपारी ३ लाखांची, त्यातले ५० हजार आगाऊ. दोन पोरांनी दोन वेळा शेताची रेकी केली. फोटोतला माणूस, म्हणजे तात्या, रोज रात्री मोटार चालू करायला शेतात जातात, हे त्यांना कळलं होतं. तिसऱ्या रात्री ते दोघे पाणंदीच्या तोंडाशी, उसाच्या कडेला येऊन बसले. त्या रात्री लाईटच आली नाही, म्हणून तात्या घरातून निघालेच नाहीत. पावणेबाराच्या सुमारास खबऱ्याच्या माहितीवरून पोलीस पोहोचले. पंचनाम्यात गावठी कट्टा, त्यात एक काडतूस भरलेलं, खिशात दुसरं, एक कोयता, मोटारसायकल आणि गुटख्याच्या सात रिकाम्या पुड्या. मोटारसायकलचं इंजिन थंड होतं, हेही तपासी अंमलदारांनी लिहून घेतलं होतं. अशी बारीक नोंद फार थोडे अंमलदार करतात. थंड इंजिनावरून दिसतं की दोघे बराच वेळ तिथे होते, वाट पाहत होते.

तात्यांना मी सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, म्हणजे मी त्या रात्री मोटार चालू करायला जायला पाहिजे होतं का?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देणं माझं काम होतं. मी भारतीय दंड संहितेचं पुस्तक उघडून कलम ३०७ खालचा तिसरा दृष्टांत, म्हणजे कायद्यातच दिलेलं उदाहरण, त्यांना वाचून दाखवला. एखाद्याने खून करायच्या इराद्याने बंदूक विकत घेतली आणि भरली, तरी अजून हा गुन्हा घडलेला नाही. त्याने ती माणसावर झाडली की गुन्हा घडला. आमचा कट्टा भरलेला होता, झाडला नव्हता. झाडायला समोर माणूसच आला नव्हता. पुढचा दृष्टांतही असाच आहे. विष आणून अन्नात कालवलं आणि स्वतःजवळच ठेवलं, तर प्रयत्न नाही. तेच ताट माणसापुढे ठेवलं किंवा वाढायला नोकराच्या हाती दिलं, तर प्रयत्न. रेघ तिथे आहे.

माझ्या कनिष्ठ वकील मॅडमनी आदल्या दिवशी १९८० चा मोहम्मद याकूबचा निवाडा काढून ठेवला होता. वसईच्या खाडीकाठी चांदीच्या विटा घेऊन आलेली जीप आणि ट्रक, खाडीतून येणारा यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज. सर्वोच्च न्यायालयाने तिथे तस्करीचा प्रयत्न मानला. दाखला चांगला, पण आमच्या कामाचा नव्हता. तिथे माल काठावर आला होता, होडी आली होती, फक्त चढवणं उरलं होतं. आमच्या बाजूची 'होडी' त्या रात्री घरीच झोपली होती. शिवाय ३०७ ची भाषाच वेगळी आहे. आरोपीने असं काही कृत्य केलेलं हवं की त्या कृत्याने मृत्यू झाला असता तर तो खून ठरला असता. उसाच्या कडेला बसण्याने कुणी मरत नाही. बचाव पक्ष मल्कियत सिंगचं प्रकरण वाचणार हे उघड होतं. त्यात भाताची पोती भरलेला ट्रक राज्याच्या हद्दीआधीच अडवला गेला होता आणि न्यायालयाने ती नुसती तयारी मानली, कारण तोपर्यंत मन बदलून माघारी फिरता आलं असतं.

मग उरतं काय? तर कट. आणि इथेच तपासात नेहमी होणारी चूक असते. ३०७ मोठं दिसतं म्हणून ते वर, कटाचं कलम १२०-ब शेपटाला, आणि सोबत सवयीने ३४. कलम ३४ हा स्वतंत्र गुन्हाच नाही. समान इराद्याने काही कृत्य घडलं तर ते सगळ्यांच्या माथी मारायचा तो नियम आहे. उलट कटाचा गुन्हा दोघांचं एकमत झालं त्या क्षणी पूर्ण होतो, पुढे खून होवो न होवो. खुनाच्या कटाची शिक्षा चिथावणीच्या हिशेबाने लागते, आणि चिथावलेला खून घडलाच नाही तर कलम ११५ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात माणसाला इजा झाली असती तर १४ वर्षांपर्यंत. ३०७ मध्ये इजा नसेल तर १० वर्षांपर्यंत. म्हणजे जे सोडून द्यायचं होतं त्यात आणि जे पक्कं धरायचं होतं त्यात कमाल शिक्षेचा फरक ३ वर्षांचा. पण ३०७ वर खटला लढवला असता तर बचावाने सगळी उलटतपासणी 'गोळी झाडली का' या एका प्रश्नावर नेली असती आणि कट झाकला गेला असता. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा म्हणून जुनी कलमं. आज १२०-ब, ११५ आणि ३०७ ही कलमं दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे ६१, ५५ आणि १०९ झाली आहेत, दृष्टांतांसकट.

कट शाबीत करायला कागद लागतात. सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडची फोन कॉलची नोंद, होता, पण सोबत इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारं पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र नव्हतं. २०२० च्या अर्जुन खोतकर निवाड्यानंतर त्याशिवाय तो पुराव्यात येत नाही. मोबाईल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडून ते मागवायला तीन पत्रं गेली. प्रमाणपत्र आलं तरी सीडीआर फोन झाला एवढंच सांगतो, काय बोलणं झालं ते नाही. टॉवरवरून परिसर कळतो, पाणंद कळत नाही. पोलीस कोठडीत चुलतभावाने दिलेला कबुलीजबाब शून्य किमतीचा. म्हणून आमचा आधार होता रेकीच्या वेळी गाडी चालवणारा तिसरा पोरगा. दुसऱ्या रेकीनंतर तो घाबरून बाजूला झाला होता. बाजूला झाल्याने आधीचा कट पुसला जात नाही, म्हणून तोही आरोपीच होता. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी पूर्ण आणि खरं सांगण्याच्या अटीवर त्याला माफी दिली. माफीच्या साक्षीदाराला दुजोरा लागतोच. तो आम्हाला बँकेतून ५० हजार काढल्याच्या नोंदीत आणि त्या लाल वर्तुळाच्या फोटोत मिळाला.

कट्ट्याचं वेगळं. शस्त्र कायद्याच्या कलम ३ खाली खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते. ती फाईलमध्ये होती, कट्टा चालू स्थितीत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवालही होता.

कोर्टात मी उभा राहिलो आणि म्हणालो की सरकार पक्ष ३०७ चा आग्रह धरत नाही, १२०-ब सह ११५ आणि शस्त्र कायदा यावर आरोप ठेवावा. बचावाच्या वकिलांनी हातातला मल्कियत सिंग मिटवून ठेवला. मग त्यांनी दोषमुक्तीचा अर्ज रेटला. एकमत झाल्याचा थेट पुरावा कुठे आहे, असं त्यांचं म्हणणं. कट उजेडात कुणी करत नाही आणि या टप्प्यावर प्रबळ संशय पुरतो, एवढंच मी मांडलं. आरोपाच्या मसुद्यात कटाची एकच तारीख होती. ती काढून 'या दिवसापासून त्या रात्रीपर्यंत, वेळोवेळी' असं करून घेतलं. माफीचा साक्षीदार तारखेत दोन दिवस चुकला तरी आरोप ढासळू नये. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला, आरोप मराठीत वाचून दाखवला. तिघांनीही एकामागून एक सांगितलं, गुन्हा कबूल नाही.

बाहेर व्हरांड्यात तात्या थांबले होते. त्यांना पुढची तारीख हवी होती आणि दुसरंही काही विचारायचं होतं. चुलतभाऊ जामिनावर गावातच आहे, रात्रपाळीची लाईट पुढच्या आठवड्यापासून सुरू होते, शेतात जावं की नाही? आम्ही परत आत गेलो. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेचा छापील अर्ज काढला. अर्ज दिल्यावर पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. धोक्याचं स्वरूप या रकान्यात मी शेत, पाणंद आणि मोटार चालू करायची वेळ लिहिली. तात्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, चष्मा लावला, लिहिलेलं सगळं वाचलं आणि खाली सही केली.