माउंटन व्ह्यूचा ‘मेझर क्यू’: गांजाच्या करावर मत देताना

अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यानंतर मी पहिल्यांदा मतदान केले ते 6 नोव्हेंबर 2018 च्या निवडणुकीत. टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेवर माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो गव्हर्नर निवडण्यात नव्हे, तर आमच्या माउंटन व्ह्यू शहरात गांजाच्या व्यवसायावर कर लावणाऱ्या ‘मेझर क्यू’ (Measure Q) या प्रस्तावावर. उमेदवार आणि त्यांची चिन्हे एवढ्यावरच मतदान उरकण्याची सवय असलेल्या माणसाला कॅलिफोर्नियाची मतपत्रिका दमवते. मतदारांनी थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे राज्याचेच प्रस्ताव अकरा होते, आणि त्यांच्यानंतर अक्षरांनी ओळखले जाणारे शहराचे प्रस्ताव: कंपन्यांवर कर्मचारीसंख्येनुसार कर लावणारा पी आणि हा क्यू. गूगलचे मुख्यालय इथलेच असल्यामुळे मित्रमंडळींत चर्चा झाली ती पीचीच. आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, “अरे, गांजाला कोण मत देतं?” “गांजाला नाही गं, त्याच्यावरच्या कराला,” असे सांगूनही तिचे समाधान झाले नाही.

तिची शंका मात्र अगदीच अस्थानी नव्हती. प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा राज्याच्या मतदारांनी 2016 मध्येच प्रपोझिशन 64 हा राज्याचा प्रस्ताव मंजूर करून दिली होती आणि 1 जानेवारी 2018 पासून परवानाधारक दुकानांतून विक्रीही सुरू झाली होती. तरीही आपल्या हद्दीत दुकाने येऊ द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार शहरांकडे होता. क्यू त्याबद्दल काहीच विचारत नव्हता. व्यवसाय आलेच, तर त्यांच्या एकूण विक्रीच्या 9 टक्क्यांपर्यंत कर घ्यावा का, एवढाच प्रश्न होता.

मतदार पुस्तिकेतील त्या प्रश्नाचे इंग्रजी मी पुन्हा पुन्हा वाचले. कायद्याने प्रश्न 75 शब्दांत बसवावा लागतो आणि कराचा दर, मुदत व वार्षिक उत्पन्नाचा अंदाज त्यातच सांगावा लागतो. इथे अंदाज होता सुमारे 10 लाख डॉलरचा, आणि मुदत होती कर रद्द होईपर्यंत. पोलीस, अग्निशमन, रस्ते ही कामे ‘उदाहरणार्थ’ म्हणून दिली होती. त्या ‘उदाहरणार्थ’मागे हिशेब असतो. 1996 च्या प्रपोझिशन 218 नुसार स्थानिक कराला मतदारांची संमती लागतेच; पण पैसा एखाद्या ठरावीक कामासाठी बांधून ठेवला, तर दोन तृतीयांश मते लागतात आणि तो सर्वसाधारण निधीत टाकला, तर साधे बहुमत पुरते. म्हणून कामांची नावे घ्यायची, पण कशालाच बांधून घ्यायचे नाही. हे बेकायदेशीर नाही, पण मला ते फारसे रुचले नाही.

दुसरी अडचण दराची होती. कर नफ्यावर नसून विक्रीवर होता. त्याखेरीज राज्याचा 15 टक्के अबकारी कर आणि नेहमीचा विक्रीकर होताच. शिवाय केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदेशीर असल्यामुळे या दुकानदारांना प्राप्तिकर भरताना भाडे आणि पगार यांसारख्या खर्चांची वजावट मिळत नाही. एवढे ओझे घातल्यावर गिऱ्हाईक चोरट्या विक्रेत्याकडेच वळणार नाही का? शेवटी ‘9 टक्क्यांपर्यंत’मधल्या ‘पर्यंत’ या शब्दावर भिस्त ठेवली, कारण दर त्याहून कमी ठेवणे नगर परिषदेच्या हातात होते, आणि ‘हो’वर खूण केली. पाकिटावरची सही मतदार नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात; माझी सही दोन्हीकडे देवनागरीतच असल्याने काही प्रश्न आला नाही.

क्यू मोठ्या बहुमताने मंजूर झाला. दुकानांचे भवितव्य मात्र त्याच मतपत्रिकेवर दुसरीकडे, नगर परिषदेच्या उमेदवारांच्या नावांपुढे ठरत होते. आधीच्या परिषदेने दुकानांना वाट मोकळी केली होती. निवडणुकीनंतर बदललेल्या परिषदेने 2019 मध्ये ती बंद केली आणि फक्त घरपोच विक्रीला परवानगी ठेवली.