होमलॅब अपडेट: बॅकअप स्क्रिप्टमधला पासवर्ड एकदाचा हद्दपार

तर मंडळी, घरच्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसचं रखडलेलं काम मार्गी लागलं. सेटअप तोच, गच्चीवरचे सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या कंप्युटरवरच्या डेटाबेसमध्ये डेटा टाकतात आणि रात्री जुन्या लॅपटॉपवरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप कमांडने बॅकअप ओढतो. बॅकअपची स्क्रिप्ट गिटवर, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात टाकायचीय म्हटल्यावर तिच्यात लिहिलेला पासवर्ड बाहेर काढणं आलंच.

आधी पायवरचं बघितलं. तिथे लोकल सॉकेटने, म्हणजे नेटवर्क न वापरता त्याच मशीनवरून जाताना पासवर्ड लागतच नाही, पीअर ऑथेंटिकेशन आहे ना, लिनक्सचा युजर आणि डेटाबेसचा युजर एकाच नावाचे असले की समोरचा कोण ते कर्नलच (लिनक्सचा गाभा) सांगतं. जो पासवर्ड नाहीच तो चोरीला काय जाणार!

लॅपटॉपवरून मात्र नेटवर्कने यायचं, म्हणून होम फोल्डरमध्ये डॉट-पीजीपास फाइल, पोस्टग्रेसच्या कमांड पासवर्ड तिथून आपोआप वाचतात. एका ओळीत पाच गोष्टी, मधे कोलन: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर, पासवर्ड. पासवर्डमध्येच कोलन असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. मग सीएचमॉड ६००, म्हणजे फाइल फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी परवानगी, ते नसेल तर वॉर्निंग येते आणि फाइल वाचलीच जात नाही, पुन्हा पासवर्ड विचारत बसतो. आणि होस्टचं नाव अक्षरशः जुळवलं जातं हां, फाइलमध्ये आयपी लिहिला आणि कमांडमध्ये नाव दिलं की मॅच नाही, मशीन तेच असलं तरी. वरून पहिली जुळणारी ओळ घेतो, त्यामुळे स्टारवाली (कशालाही जुळणारी) ओळ सगळ्यात खाली. क्रॉन रूटचा (अ‍ॅडमिन युजरचा) असेल तर फाइल रूटच्या होममध्ये शोधली जाते, हेही बघून ठेवा. पीजी-डंपला मायनस स्मॉल डब्ल्यू दिलंय, म्हणजे पासवर्ड सापडला नाही तर विचारत न बसता सरळ एरर देऊन बाहेर.

आता कुणीतरी म्हणणारच की पासवर्ड साधा टेक्स्टमध्येच पडलाय, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं बरं, तिथे पासवर्डची डॉट-मायलॉगिन फाइल एन्क्रिप्टेड असते. अहो, तिची किल्ली त्याच फाइलमध्ये असते! मायएसक्यूएलच्याच माय-प्रिंट-डीफॉल्ट्स कमांडला मायनस एस द्या आणि लॉगिन पाथचं (फाइलमधल्या नोंदीचं) नाव सांगा, पासवर्ड समोर हजर. येताजाता कुणाला दिसू नये एवढाच तिचा उपयोग.

माझ्या मते फाइल लपवण्यात डोकं घालण्यापेक्षा त्या पासवर्डची ताकद कमी करावी. बॅकअपसाठी वेगळा रोल (डेटाबेसचा युजर) केला, त्याला फक्त पीजी-रीड-ऑल-डेटा, म्हणजे सगळा डेटा नुसता वाचायची परवानगी दिली (पोस्टग्रेस १४ पासून आहे) आणि पीजी-एचबीएमध्ये, म्हणजे कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये त्या रोलला लॅपटॉपच्या आयपीवरूनच एंट्री. फाइल फुटलीच तर चोराला गच्चीवरचं तापमान कळेल, करू दे काय करायचं ते.

पुढे पासवर्डऐवजी क्लायंट सर्टिफिकेटने (ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राने) लॉगिन करून बघायचंय, घरच्या सेटअपवर कुणी चालवतंय का? सर्टिफिकेटच्या रिन्यूअलचं काय करता?